दारातल्या लॉनला बुरशी लागली? पुडा आणायच्या आधी पाणी आणि माती बघा

आपल्या जिल्ह्यात आता गावोगावी नवीन बंगला झाला की पुढं अर्धा-एक गुंठा लॉन करायची पद्धत पडली आहे. मंगल कार्यालयं आणि हॉटेलांच्या दारात तर ते असतंच. मे महिन्यात लावलेलं लॉन जूनभर गालिच्यासारखं दिसतं. मग जुलै-ऑगस्टची झड लागते आणि मधेच ताटाएवढे तपकिरी चट्टे पडायला लागतात. आठ दिवसांत चट्टे एकमेकांना जाऊन मिळतात. कुणीतरी सांगतं, "बुरशी आलीय, पावडर मारा." कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डाझिम नाहीतर मॅन्कोझेबचा पुडा येतो, फवारणी होते, चट्टे थांबल्यासारखे वाटतात आणि पुढच्या झडीला परत वर येतात. असं दोन-तीन पावसाळे चाललं की माणूस कंटाळून तिथं फरशी घालतो.

फरशी घालायची वेळ येऊ नये म्हणून हा लेख. लॉनवरची बुरशी हा बहुतेक वेळा पाण्याचा आणि मातीचा आजार असतो, तो पानावर फक्त दिसतो. पाणी द्यायची वेळ, पाण्याचा निचरा आणि कापणी या तीन गोष्टी सुधारल्या तर अर्ध्याहून जास्त लॉनला कसलंच औषध लागत नाही. उरलेल्यांना ट्रायकोडर्मासारखी जैविक औषधं पुरतात.

लॉनला जैविकच का?

शेतातलं फवारणं वेगळं आणि दारातलं वेगळं. दारात पोरं अनवाणी खेळतात, म्हातारी माणसं सकाळी ऊन खात बसतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडं लॉन कापलं की गवताचं घमेलं सरळ गोठ्यात जातं. शहरात ते कचऱ्यात जात असेल, गावात ती वैरण आहे. कार्बेन्डाझिम हे आंतरप्रवाही औषध. ते पानावर न राहता गवताच्या आत शिरतं, त्यामुळं गवत धुऊन म्हशीला घातलं तरी औषध निघून जात नाही. ज्या म्हशीचं दूध सकाळी डेअरीला आणि घरातल्या चहाला जातं, तिच्यासमोर आपण काय टाकतो हे एकदा मनाशी आणा.

दुसरं म्हणजे दुर्वा. हे अनेकांना माहीत नसतं, पण देशी लॉन म्हणजे हराळीच. नर्सरीत 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून जे मिळतं तेही हराळीचंच निवडक वाण. उसातली हराळी काढता काढता ज्यांची कंबर मोडली, त्यांनीच ती चौरस फुटाच्या भावानं विकत आणून दारात लावायची, ही गंमत आहेच. पण त्यामुळंच भाद्रपदात गणपतीला लागणाऱ्या दुर्वा घरचं लॉन असेल तर तिथूनच खुडल्या जातात, आणि लॉनवर बुरशीचा जोर आणि फवारणीचा मारा असतो तोही नेमका त्याच महिन्यात. पोरं त्या दुर्वा खुडतात, जुडी बांधतात आणि त्याच हातानं मोदक खातात.

आधी रोग ओळखा

लॉनचे रोग शेतकऱ्याला परके नाहीत. नावं इंग्रजी असली तरी बुरशी आपल्या ओळखीच्या आहेत.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसतो तो 'ब्राऊन पॅच', म्हणजे तपकिरी चट्टा. वीतभरापासून दोन-तीन फुटांपर्यंत गोल चट्टे पडतात. सकाळी दव असताना बघितलं तर चट्ट्याच्या कडेला काळसर, धुरकट कडं दिसतं. ऊन चढलं की ते जातं. हा रोग करते रायझोक्टोनिया नावाची बुरशी. भातावर पर्णकोष करपा आणते तीच ही. उबदार हवा, सतत ओलं पान आणि जास्त युरिया, हे तिन्ही एकत्र आलं की ती सुटते.

दुसरा पिथियम. इथं गवत आधी तेलकट, शिजल्यासारखं दिसतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि पहाटे त्यावर कापसासारखी पांढरी जाळी असते. पाणी ज्या बाजूला वाहतं त्या बाजूला, किंवा कटिंग मशीन जसं फिरलं तसा पट्टा मरत जातो. आलं आणि हळदीची कंदकूज ज्यांनी बघितली आहे त्यांना पिथियम सांगायला नको. आता महत्त्वाची गोष्ट ऐका: पिथियम ही खरी बुरशी नव्हे, बुरशीसारखा दिसणारा वेगळ्या कुळातला जीव आहे. कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही. तेव्हा 'पावडर मारली तरी गवत मेलं' अशी तक्रार असेल आणि लॉनमध्ये पाणी साचत असेल, तर तो पुडा बहुतेक वायाच गेलेला असतो.

थंडीत, म्हणजे दिवाळीपासून पुढं दवाच्या दिवसांत, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, वाळक्या काडीच्या रंगाचे ठिपके पडतात. हा 'डॉलर स्पॉट'. अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरएवढे ठिपके म्हणून हे नाव. पानावर मधे पांढुरका पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस रेघ दिसली की ओळख पटली. ब्राऊन पॅच जास्त खताला येतो, तर हा उपाशी गवताला येतो. त्याच हंगामात सावलीतल्या, वाढ थांबलेल्या गवतावर तांबेराही येतो. सोयाबीन-भुईमुगाच्या तांबेऱ्यासारखीच तांबडी पूड, लॉनवरून चालल्यावर चपलेला लागते.

उरले दोन. पावसात गवतावर एकाएकी राखाडी-काळी भुकटी सांडल्यासारखी दिसते, बघून घाबरायला होतं. ती चिकट बुरशी, 'स्लाइम मोल्ड'. ती गवत खात नाही, फक्त त्यावर चढून बसते. झाडूनं झटका किंवा पाण्याचा जोरात फवारा मारा, विषय संपला. आणि गोल रिंगणात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर खाली जुनं खोड, मुळं किंवा बांधकामातलं लाकूड कुजत असतं. ते उकरून काढल्याशिवाय छत्र्या थांबत नाहीत. पावसाळ्यात रानातली अळंबी हौसेनं खाणारे आपण, पण लॉनमधली छत्री कितीही चांगली दिसली तरी शिजवू नका. लॉनवर पांढऱ्या टोपीची, खालून हिरवट पडणारी एक विषारी जात सर्रास उगवते आणि ती खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते.

चट्टा म्हणजे बुरशीच असं नाही

पिवळा चट्टा दिसला की आधी मुठीत गवत धरून ओढा. सतरंजी उचलावी तसं गवत मुळासकट हातात आलं तर खाली माती उकरा, हुमणी सापडेल. आपल्या उसाच्या पट्ट्यात जून-जुलैत हुमणीचे भुंगेरे उडतात ते दारातल्या लॉनमध्येही अंडी घालतात. तिथं बुरशीचं औषध मारून काहीच होणार नाही. हुमणीसाठी मेटारायझियम ही वेगळी जैविक बुरशी मातीत द्यावी लागते.

मधे जळलेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल तर तिथं कुत्रं मुतलं आहे. सरळ रेषेत जळलं असेल तर युरिया ओंजळीनं फेकलेला असतो. बंगल्याच्या भिंतीलगत कायम पिवळं राहत असेल तर बांधकामाचा राडारोडा तसाच ठेवून वर चार बोटं माती ओढलेली असते. खणून बघा, सिमेंटची ढेकळं निघतील. आणि फवारणीनंतर सगळंच लॉन एकदम पिवळं पडलं तर पंपाची चौकशी करा. उसात तणनाशक मारलेला पंप नुसता दोनदा खळबळून लॉनवर आणला, असं गावात होतं. लॉनचा पंप वेगळाच ठेवावा.

तरी खात्री होत नसेल तर घरच्या घरी एक तपासणी करता येते. चट्ट्याच्या कडेचं, अर्धं हिरवं अर्धं वाळलेलं गवत मुळासकट घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाच्या बोळ्याबरोबर ठेवून पिशवी बांधा आणि रात्रभर घरातल्या कोपऱ्यात ठेवा. सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा कापसासारखं काही वाढलेलं दिसलं तर बुरशी असण्याची शक्यता मोठी. चट्ट्याच्या अगदी मधलं मेलेलं गवत मात्र घेऊ नका, मेलेल्यावर कुठलीही बुरशी वाढते.

पाणी: किती, आणि त्याहून जास्त, कधी

बुरशीचं बी हवेत, मातीत सगळीकडं असतं. ते पानावर रुजायला पान बराच वेळ सलग ओलं राहावं लागतं. आता आपल्याकडं काय होतं बघा. संध्याकाळी कामावरून आलं की माणूस पाइप धरतो, किंवा रानातल्या मोटारीवरच लॉनचं पाणी असेल तर लाईट येईल तेव्हा, म्हणजे कधी रात्री अकराला, व्हॉल्व्ह सुटतो. संध्याकाळी सातला भिजलेलं पान दवामुळं सकाळी आठ-नऊपर्यंत सुकत नाही. म्हणजे तेरा-चौदा तास पान ओलं. बुरशीला आणखी काय पाहिजे? तेच पाणी पहाटे पाच ते सकाळी आठच्या दरम्यान दिलं तर रात्रीचं दव धुतलं जातं आणि उन्हानं पान दोन तासांत सुकतं. पाणी तेवढंच, खर्च तेवढाच, फक्त वेळ बदलली. एवढ्या एका गोष्टीनं रोग जितका कमी होतो तितका बाजारातल्या कुठल्या पुड्यानं होत नाही. रात्रीच्या लाईटवर पाणी असेल तर ते टाकीत भरून ठेवा आणि सकाळी सोडा.

रोज थोडं थोडं शिंपडायची सवयही वाईट. त्यानं मुळं वरच राहतात आणि पान रोज भिजतं. उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाणी पुरतं. एका गुंठ्याला हिशेब घातला तर अडीच हजार लिटर, म्हणजे हजारी टाकीच्या अडीच टाक्या. ते दोन किंवा तीन वेळांत विभागून द्या. स्प्रिंकलर असेल तर सपाट बुडाचा डबा लॉनमध्ये ठेवा आणि त्यात बोटाचं एक पेर पाणी साचायला किती मिनिटं लागतात ते एकदा बघून ठेवा, पुन्हा अंदाज करावा लागणार नाही. काळ्या जमिनीत यापेक्षाही कमी लागतं. उसाला पाट सोडून देतो तसं लॉनला सोडायचं नाही. पावसाळ्यात तर मृगापासून पुढं पाइप गुंडाळून ठेवला तरी चालतो.

थंडीत डॉलर स्पॉट येत असेल तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. सकाळी दोघांनी लांब दोरीची दोन टोकं धरायची आणि दोरी गवतावरून ओढत न्यायची. दव झडतं, पान लवकर सुकतं. गोल्फच्या मैदानांवरही माळी हेच करतात, फक्त त्यांची दोरी महाग असते.

निचरा आणि माती

आपल्या जिल्ह्यात एकच सल्ला सगळ्यांना देता येत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिकडं शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. चंदगड, आजऱ्याची तांबडी जांभ्याची माती आणि पंचगंगेकाठची काळी कसदार जमीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काळ्या जमिनीवर लॉन करताना बहुतेक जण काय करतात, वर चार-सहा इंच तांबडी माती टाकतात. दिसायला छान. पण पाणी तांबड्या मातीतून झरझर खाली जातं आणि काळ्या थरावर अडतं. वरून लॉन कोरडं दिसतं, खाली मुळं पाण्यात उभी. पिथियमला याहून चांगली जागा नाही. नवीन लॉन करणार असाल तर दोन्ही माती कुदळीनं वीतभर खोल एकत्र करून घ्या आणि घरापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना एक-दीड इंच उतार ठेवा. कडेला वीतभर चर काढा. जुनं लॉन असेल तर पावसाळ्याआधी पहारीनं चार-चार इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडा आणि त्यांत चाळलेलं शेणखत व वाळू निम्मी-निम्मी भरा. काम किचकट आहे, एका गुंठ्याला दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो. पण निदान जिथं पाणी साचतं तेवढ्या भागात तरी कराच. क्रश सँड वापरणार असाल तर धुऊन घ्या. त्यातली बारीक पूड भोकात बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. वाळूचा सलग थर मात्र काळ्या जमिनीवर पसरू नका, थरावर थर झाला की पुन्हा तोच त्रास.

गवताच्या बुडाशी वाळक्या काड्यांची गादी साचते, तीही बघा. बोट खुपसून ती अर्ध्या इंचापेक्षा जाड लागली तर एप्रिल-मेमध्ये दाताळ्यानं ओरबाडून काढा. बुरशी पावसाळ्याची वाट बघत याच गादीत बसलेली असते.

खताचं सांगायचं तर जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत लॉनला युरिया नको. उसाच्या भरणीतनं उरलेला युरिया दारात फेकायचा मोह होतो, पण लुसलुशीत वाढलेलं गवत ब्राऊन पॅचला लगेच बळी पडतं. त्याऐवजी मेअखेर आणि पुन्हा हस्ताच्या सुमाराला गुंठ्याला शंभर किलो चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाच किलो निंबोळी पेंड पसरून द्या. कच्चं शेण नको. हस्तातल्या या खतानं थंडीतला डॉलर स्पॉट आणि तांबेराही कमी होतो, कारण गवत उपाशी राहत नाही.

कापणी

हराळी एक ते दीड इंच ठेवा. कोरियन लॉन दीड-दोन इंच. झाडाखालचं रुंद पानाचं सावलीचं गवत अडीच-तीन इंच. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात गवत वाढलं म्हणून अगदी मातीला टेकवून कापतात, तिथून रोगाला वाट मिळते. ओलं गवत कापू नका, उघडीप बघा. पातं धारदार पाहिजे, बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. रोगट भाग सगळ्यात शेवटी कापा आणि मग मशीन धुवा. रोगट गवत लॉनवर पडू देऊ नका आणि गोठ्यातही टाकू नका; बुरशी लागलेली वैरण जनावराला चांगली नाही. खड्ड्यात पुरा.

ट्रायकोडर्मा कसा वापरायचा

ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण आपल्या बाजूची. ती रोगाच्या बुरशीच्या धाग्याला वेटोळं घालते आणि त्याचं कवच विरघळवून त्यावर जगते. शिवाय मुळाभोवतीची जागा आधीच अडवून ठेवते. यातच तिची मर्यादाही कळते: आधी जाऊन बसली तर ती राखण करते, रोग पसरल्यावर सोडली तर तिला वेळ लागतो. म्हणून पहिला डोस मृगाच्या आधी.

एका गुंठ्यासाठी २०० ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर २० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळा. सावलीत ढीग करा, ओलं पोतं झाका आणि दहा-पंधरा दिवस ठेवा. मधे दोनदा खालीवर करा, वाळू देऊ नका. ढिगावर हिरवट-पांढरी लव दिसली की ट्रायकोडर्मा वाढला. ऊन उतरल्यावर हे खत लॉनवर पसरा, खराट्यानं गवताच्या बुडाशी ढकला आणि हलकं पाणी द्या. एवढं एक पाणी संध्याकाळी दिलं तर चालतं. पुन्हा ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एकदा.

रोग आधीच दिसत असेल तर खत मुरायची वाट बघू नका. दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा ढवळून, फडक्यानं गाळून, चट्टा आणि त्याच्या भोवतीचा फूट-दोन फूट भाग झारीनं बुडापर्यंत भिजवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पानावरच्या रोगासाठी स्यूडोमोनास किंवा बॅसिलस सबटिलिस ही जिवाणूंची औषधं लिटरला ५ ते १० ग्रॅम फवारता येतात. पुड्यावर प्रमाण वेगळं दिलं असेल तर पुड्यावरचं पाळा.

या औषधात जीव आहे हे विसरू नका. दुकानात पुडा घेताना तारीख बघा. मुदत संपलेला पुडा म्हणजे नुसती शंखजिऱ्याची पावडर. दुकानदारानं काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेला असेल तर घेऊच नका. घरी आणल्यावर गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि ट्रायकोडर्मा दिल्यावर पंधरा दिवस आधी-नंतर तांबं, गंधक किंवा कुठलंही रासायनिक बुरशीनाशक नको. 'दोन्ही एकदम मारू, डबल काम होईल' असं करणारे बरेच आहेत; त्यात आपणच सोडलेली राखणदार बुरशी आपणच मारतो.

घरगुती उपायांचं काय?

मोबाईलवर रोज नवा उपाय येतो. सगळे खोटे नाहीत, सगळे खरेही नाहीत.

आंबट ताक, शंभर लिटर पाण्याला तीन ते पाच लिटर, पानावरच्या सुरुवातीच्या बुरशीला थोडंफार आवर घालतं. मुळाशी गेलेल्या रोगावर ते काही करत नाही. नुकसान नाही, म्हणून करून बघायला हरकत नाही.

खायचा सोडा लिटरला पाच ग्रॅम, हा उपाय भुरीसारख्या पानावरच्या बुरशीला लागू पडतो. पण त्यात सोडियम आहे. शिरोळ-हातकणंगल्यात क्षारपड जमिनीनं किती रान गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. तिथं मातीत आणखी सोडियम घालायचा उद्योग कशाला?

गोमूत्र पातळ करूनच, दहापट पाण्यात. कुत्र्याच्या मुतानं गवत ज्या कारणानं जळतं त्याच कारणानं घट्ट गोमूत्रानंही जळतं. जीवामृत मातीला चांगलं, पण ते अन्न आहे, औषध नव्हे. सलग झडीत, चट्टे पडलेले असताना देऊ नका. चुलीची राख जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत मूठ-मूठ चालेल, काळ्या मातीत नको. मीठ आणि व्हिनेगर यांनी बुरशी जाते हे खरं, पण गवतही जातं.

मोरचूद शेवटी

बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षं चोरणाऱ्यांना भीती वाटावी म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्या वेलींवर रोग कमी दिसला, त्यावरून मिलार्डे या शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये हे औषध जगापुढं आणलं. पिथियमनं लॉन सडत चाललं असेल आणि निचरा करूनही थांबत नसेल तरच, आणि तेही फक्त चट्ट्यापुरतं वापरा. लॉनसाठी अर्धा टक्काच करा: दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा, मग एकत्र ओता. लोखंडी भांडं नको. विळ्याचं स्वच्छ पातं त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. तांबं मातीत साठत जातं, गांडुळं कमी करतं आणि जनावराला, विशेषतः मेंढरांना, विषारी असतं. मारलेल्या जागेचं गवत त्या हंगामात गोठ्यात न्यायचं नाही आणि दुर्वाही तिथल्या खुडायच्या नाहीत.

तांबेऱ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण थंडीतच. कडक उन्हात गंधकानं पान भाजतं.

चट्टा भरून येतो का?

हराळीचं लॉन असेल तर येतो. रोग थांबला आणि ऊन मिळालं की हराळीच्या धावत्या मुळ्या तीन-चार आठवड्यांत जागा भरून काढतात. उसात ज्या चिवटपणाबद्दल आपण तिला शिव्या घालतो तोच इथं उपयोगी पडतो. कोरियन लॉनला मात्र महिने लागतात. तिथं मेलेला भाग दोन इंच मातीसकट काढून निरोगी भागातला तुकडा बसवणं बरं. आंब्याखाली, उंच कंपाउंडच्या आत जिथं दिवसातून चार-पाच तासही ऊन पडत नाही तिथं हराळी टिकणार नाही. तिथं सावलीचं गवत लावा किंवा सरळ अळू, हळद लावा. तसं बघितलं तर घरच्या अळूच्या वड्या कुठल्याही लॉनपेक्षा बऱ्या.

नदीकाठच्या गावांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला, तेव्हा करवीर, शिरोळकडच्या अनेक घरांच्या दारात गाळ बसला. पूर उतरल्यावर गाळ ओला आहे तोवरच फावड्यानं ओढून काढा आणि उरलेला पाण्यानं धुवा. वाळून पापुद्रा झाला की खालचं गवत गुदमरतं आणि कुजतं. गाळ निघाल्यावर भोकं पाडा, आठवडाभर उन्हाला सोडा, मग ट्रायकोडर्मा. पुरानंतर लगेच खत देऊ नका. पुराच्या पाण्याबरोबर काय काय आलेलं असतं सांगता येत नाही, म्हणून त्या महिन्यातलं गवत जनावराला घालू नका.

एवढं करूनही कळत नसेल तर नमुना दाखवा. चट्ट्याच्या कडेचा वीतभर चौकोन मुळं आणि मातीसकट काढा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, सकाळी दव असताना काढलेले दोन फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी घेऊन जा. आपल्या जिल्ह्यात तळसंदे आणि कणेरी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय तर जवळच असतं. जाताना पाणी कधी देता, शेवटचं खत कोणतं आणि कधी घातलं आणि आधी काय फवारलं हे कागदावर लिहून न्या. पहिला प्रश्न तोच विचारतील.